दीक्षाभूमीच्या पिंपळाचं माहेर

दीक्षाभूमीवर स्तूपाच्या उजव्या हाताला जो पिंपळ आहे, त्याच्या फांद्या भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरहून आणल्या होत्या. आमच्या घरात ही गोष्ट आजीनं आईला सांगितली, आईनं मला. आई १९५६ची. १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी, ती सहा महिन्यांची होती, आजीच्या कडेवर. पुढं तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आमची शिक्षणं केली, आणि स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली: ते मूळ झाड बघायचं.

डिसेंबरात मला आठ दिवस सुट्टी मिळाली. निघायच्या आदल्या रात्री बॅगेत पांढऱ्या साड्यांच्या घड्या ठेवताना आईनं विचारलं, "तिथले भन्तेजी आपल्याले बौद्ध मानतीन का वं? त्यायचं तं दोन हजार वर्षांपासूनचं हाय." मी म्हटलं, मानतील. पण मलाही खात्री नव्हती.

पहिला दिवस: नेगोंबो

विमान मध्यरात्री उतरलं. विमानतळ कोलंबोच्या नावानं ओळखला जातो, पण आहे तो कटुनायकेला, नेगोंबोच्या अगदी जवळ. रात्रीचं उतरणार असाल तर कोलंबोला धावू नका, नेगोंबोतच राहा. प्रवासाची परवानगी ऑनलाइन आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे बाहेर पडायला वेळ लागला नाही.

सकाळी न्याहारीला इंदिआप्पा आले. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, कोकणातल्या मैत्रिणीकडं शिरवाळे खाल्ले होते तशाच. सोबत नारळाच्या दुधातली पिवळी डाळ आणि पोल सांबोल, म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल तिखट चटणी. शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. या चटणीत बहुतेक वेळा सुक्या माशाचा, उंबलकडाचा चुरा असतो. आम्ही दोघींनी वाटी पुसून खाल्ली.

किनाऱ्यावर मासळी वाळत घातली होती, नजर पोचेल तिथपर्यंत. फिरत फिरत सेंट मेरी चर्चपाशी आलो. दार उघडं होतं. आईनं सवयीनं पायरीवरच चपला काढल्या. बागेत पाणी घालणारे एक वयस्क गृहस्थ हात पुसत आले. पांढरा झगा बघून कळलं की फादर आहेत. म्हणाले, चपला घालून चालेल. आई म्हणाली, "नाही, देवाघरी नको." मी भाषांतर केलं. त्यांनी एक क्षण तिच्याकडं पाहिलं, स्वतःच्या चपला तिच्या चपलांशेजारी काढल्या आणि आम्हाला आत घेऊन गेले. छतावरची चित्रं त्यांनी एकेक करून दाखवली.

महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "गोवा जवळ?" नागपूरपासून हजारभर किलोमीटर, पण आमच्या राज्याला लागूनच, असं सांगितलं. मग ते बाकावर बसले आणि त्यांनी जोसेफ वाझ यांची गोष्ट सांगितली. हे बाणावलीचे, १६५१ साली जन्मलेले, कोकणी बोलणारे पाद्री. डचांनी लंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेली, म्हणून १६८७ साली मजुराच्या वेषात जाफन्याला उतरले. तमिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीच्या राजानं पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं. पुढं कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक घरं सोडून पळाले आणि हे रोग्यांची शुश्रूषा करत राहिले. १७११ साली कँडीतच वारले. १४ जानेवारी २०१५ला पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेसवर त्यांना संत घोषित केलं, त्या गर्दीत आमचे हे फादरही होते. "तो गोव्याचा माणूस आला नसता तर मी आज या झग्यात नसतो," असं ते म्हणाले.

निघताना आईनं विचारलं, इथं सगळं ठीक आहे ना? साधा प्रश्न होता. ते थांबले. याच शहरातल्या कटुवापिटियाच्या सेंट सेबॅस्टियन चर्चमध्ये २१ एप्रिल २०१९ला, ईस्टरच्या सकाळी, स्फोट झाला होता. त्यांनी एवढंच सांगितलं की त्यातली काही मुलं त्यांच्या ओळखीची होती. आईनं हात जोडले. त्यांनीही जोडले. मग आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले.

दुसरा दिवस: पुत्तलममार्गे अनुराधपूर

पावसात बस पकडली. चिलाव गेलं, पुत्तलमची मिठागरं गेली, काच धुकट होती म्हणून फारसं दिसलं नाही. आई अगदी पुढच्या मोकळ्या सीटवर बसली होती. एवढ्या गर्दीत ती सीट मोकळी कशी, हा विचार आमच्या मनात आला नाही. पुत्तलमला एक वृद्ध भिक्खू काळी छत्री मिटत चढले आणि कंडक्टरनं आईला हळूच खूण केली. श्रीलंकेच्या बसमध्ये पुढच्या सीट धर्मगुरूंसाठी राखीव असतात. बस रिकामी असली तरी तिथं बसू नका. आणि बाई असाल तर भिक्खूंच्या शेजारची जागा मोकळी असली तरी घ्यायची नाही, तिकडची तशी रीत आहे.

आई उठली, पदर सावरून वाकली आणि म्हणाली, "नमो बुद्धाय, भन्तेजी." ते चमकले. तिची पांढरी साडी, कपाळ मोकळं. इंग्रजीत मला विचारलं, "इंडिया? हिंदू?" मी उत्तर द्यायच्या आत आईनंच दिलं, "बौद्ध. नागपूर."

"आंबेडकर," ते म्हणाले.

बस पुढं निघाली होती, आई दांडी धरून उभी होती आणि तिला पुढं बोलता येईना. पलीकडच्या सीटवरचा एक कॉलेजचा मुलगा उठला, त्यानं तिला बसवलं. मग मधल्या मोकळ्या जागेतून, हेलकावे खात, माझ्यामार्फत दोघांचं बोलणं सुरू झालं ते अनुराधपूरपर्यंत. ते दोनदा 'दंबदिव वंदना' करून आले होते. दंबदिव म्हणजे जंबुद्वीप, आपला भारत. तिथल्या यात्रेला तिकडं असं म्हणतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, सांची झालं होतं, नागपूर नाही. दीक्षाभूमीवर किती लोक येतात? अशोक विजयादशमीला लाखोंनी, म्हटल्यावर त्यांनी आकडा दोनदा विचारून घेतला. पिंपळाची गोष्ट आईनं सांगितली तेव्हा मात्र त्यांनी काही विचारलं नाही. "मग उद्या तुम्ही आईच्या घरी येताय," एवढं म्हणाले.

आम्ही ज्या दिवशी पोचणार होतो तो उंदुवप पोयाच्या आदला दिवस. पोया म्हणजे पौर्णिमा, दर पौर्णिमेला तिकडं सार्वजनिक सुट्टी असते. त्यातही डिसेंबरची ही पौर्णिमा संघमित्रेची: सम्राट अशोकाच्या मुलीनं बोधिवृक्षाची फांदी लंकेत आणली, त्याचं स्मरण. तारखा ठरवताना मी ती पाहिली नव्हती. अख्खा देश अनुराधपूरला लोटला होता, आणि आम्ही आरक्षण केलेल्या घरी पोचलो तर खोली दुसऱ्यांना देऊन टाकलेली. पैसे परत मिळाले, खोली नाही. आणखी तीन ठिकाणी विचारलं. संध्याकाळ झाली, पाऊस थांबेना, आई एका दुकानाच्या पत्र्याखाली बॅगेवर बसून राहिली.

भन्तेजींनी उतरताना कागदाच्या चिठोऱ्यावर त्यांच्या विहाराचा नंबर दिला होता. संकोच बाजूला ठेवून मी फोन केला. वीस मिनिटांत एक टुकटुक आली. चालकानं आम्हाला यात्रेकरूंच्या विश्रामशाळेत नेलं. मोठं दालन, चटया, कुरुणेगलच्या बाजूच्या एका गावातल्या तीस-चाळीस बायका. सगळ्यांचे कपडे पांढरे. त्यांनी सरकून दोन चटयांची जागा केली. एकीनं आईचे ओले केस पुसायला टॉवेल दिला, दुसरीनं आलं घातलेला कोरा चहा आणि सोबत गुळाचा खडा. तिथं गूळ तोंडात धरून चहा पितात. एकमेकींची भाषा कुणालाच येत नव्हती. रात्री त्या वंदनेला बसल्या आणि त्यांनी "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स" सुरू केलं. त्यांची लय संथ, शेवटचं अक्षर लांबवणारी, आपल्याकडची जरा भरभर. पहिल्या ओळीला आई पुढं गेली, दुसऱ्या ओळीला थांबली, तिसऱ्या वेळी त्यांच्यासोबत होती. पंचशील झालं. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि" हे शब्द मी लहानपणापासून आईच्याच तोंडून ऐकत आलेय. शेजारच्या आजीनं आईकडं बघून डोळे मोठे केले आणि तिचा हात हातात घेतला. शेवटी सगळ्यांनी मिळून साधु, साधु, साधु.

पोयाला जाणार असाल तर या गोष्टी लक्षात ठेवा. राहण्याची सोय महिनाभर आधी करा आणि दोन दिवस आधी फोन करून खात्री करून घ्या. त्या दिवशी दारूची दुकानं आणि मांसविक्री बंद असते. कपडे पांढरे किंवा फिके, खांदे आणि गुडघे झाकणारे. आणि चपला काढून बरंच चालायचं असतं. ऊन असेल तर दगड तापतात, मोजे चालतात.

तिसरा दिवस: पोया

पहाटे भन्तेजींचा निरोप आला, हील दानाला या. हील दान म्हणजे भिक्खूंची सकाळची न्याहारी. विहार शहराच्या कडेला, तळ्याच्या बांधाखाली, अगदी लहान. गावच्या बायका भांडी घेऊन आलेल्या. किरीबात होता, नारळाच्या दुधात शिजवून वड्या पाडलेला भात, त्यासोबत लुनुमिरिस, म्हणजे कांदा आणि लाल मिरचीचा ठेचा. आई पुटपुटली, "बाप्पा, हा तं आपलाच ठेचा." कोला केंद नावाची हिरव्या पाल्याची गरम पेजही होती. आधी बुद्धमूर्तीसमोर ताट ठेवलं गेलं, मग भिक्खूंना वाढलं, मग उरलेलं सगळ्यांनी मिळून.

आईनं नागपूरहून संत्राबर्फीचा डबा आणला होता, कुणाला द्यायचा ते ठरलं नव्हतं. तो तिनं दोन्ही हातांनी पुढं केला आणि मध्येच थबकली, कारण बाईच्या हातून काही भिक्खू थेट घेत नाहीत. भन्तेजींनी पुढ्यात एक कापड पसरलं, आईनं डबा त्यावर ठेवला. तुम्हीही काही देणार असाल तर ते कसं घेतात ते आधी बघा, आणि जेवणाचं असेल तर दुपारी बाराच्या आत. त्यानंतर भिक्खू जेवत नाहीत. संत्राबर्फी सगळ्यात लहान सामणेराला, म्हणजे शिकाऊ भिक्खूला, फार आवडली. आठ-नऊ वर्षांचा असेल. दुसरी वडी मागायची नसते हे त्याला शिकवलेलं होतं, म्हणून तो नुसता डब्याकडं बघत बसला. आईतली मास्तरीण हे कसं सहन करणार? तिनं भन्तेजींकडं पाहिलं, ते हसले, आणि डबा त्याच्याकडं सरकला.

निघताना त्यांनी आईच्या मनगटावर पिरितचा, म्हणजे संरक्षणाच्या पाठाचा, पांढरा दोरा बांधला, बोटाचा स्पर्श होऊ न देता. आई अजून तो काढायला तयार नाही.

मग श्री महाबोधी. गर्दीचं वर्णन करत नाही, दीक्षाभूमी पाहिलेल्यांना ती कळेल. लोकांच्या हातांत निळी कमळं, पाण्याच्या घागरी. खांद्यावर झोपलेली मुलं. झाड उंच ओट्यावर आहे, सोनेरी कठड्याच्या आत, आणि त्याच्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेत. मी मोठ्या वृक्षाची कल्पना केली होती. हे तसं नाही. बारीक खोड, पसरलेल्या, म्हातारपणानं वाकलेल्या फांद्या. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकापासून माणसांनी त्याला जपलंय, राजे आले-गेले, राजधानी जंगलात बुडाली, तरी राखणारे राहिले. माणसाच्या हातानं लावलेलं, ज्याची नोंद आहे असं इतकं जुनं झाड जगात दुसरं सांगत नाहीत.

पान गळलं तर मिळतं, तोडायचं नसतं. आम्ही दोन तास भुरभुर पावसात उभ्या होतो. आमच्या बाजूला एकही पान पडलं नाही. मी हळहळले. आई म्हणाली, "राहू दे. आपल्याकडं अख्खं झाड हाय."

रुवनवेलिसायच्या पांढऱ्याशुभ्र स्तूपाभोवती संध्याकाळी फिरलो. फोटो काढताना बुद्धमूर्तीकडं पाठ करून उभं राहू नका, तिकडं तो अपमान समजतात आणि लगेच टोकतात.

चौथा दिवस: मिहिंतले

अनुराधपूरपासून बारा-तेरा किलोमीटर. अशोकाचा मुलगा महिंद इथं राजा देवानंपियतिस्साला भेटला, तेही अचानकच. राजा शिकारीला आला होता. पायऱ्या १८४० आहेत. गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, गुडघ्यांचा त्रास असेल तर तोच रस्ता घ्या.

वरच्या पायऱ्यांवर आई दम खात बसली होती. एक तरुण भिक्खू, चष्मा लावलेले, उतरता उतरता थांबले. विद्यापीठात पाली शिकत होते, इंग्रजी छान होतं. आई शिक्षिका होती हे कळल्यावर म्हणाले, मग महिंद थेरांनी राजाला विचारलेले प्रश्न तुम्हाला विचारतो. समोर आंब्याचं झाड होतंच. या झाडाला काय म्हणतात? आंबा. याशिवाय दुसरे आंबे आहेत? पुष्कळ आहेत. आंब्याशिवाय दुसरी झाडं आहेत? आहेत की. ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडं सोडून आणखी कुठलं झाड आहे?

मी विचारात पडले. आईनं पापणीही न हलवता समोर बोट केलं, "हेच." राजाचंही हेच उत्तर होतं, आणि त्यावरून महिंदांनी ओळखलं की याला धम्म सांगता येईल. भिक्खू खळखळून हसले. म्हणाले, वर्गात आम्हाला हे समजायला पूर्ण तास लागला होता. आई म्हणाली, "चौथीच्या पोट्ट्यायले शिकवून पाहा, सगळं समजते." याचं भाषांतर करताना मला जरा कष्ट पडले.

पायथ्याशी दिवुलचं सरबत प्यायलो. पहिल्याच घोटाला आई ओरडली, "अवं, हे तं कवठ!" नारळाचं दूध आणि गूळ घालून करतात. आम्ही घरी करून पाहिलं, जमतं.

पाचवा आणि सहावा दिवस: दंबुल्ल, कँडी

सिगिरिया आईच्या गुडघ्यांमुळे सोडलं. तुम्ही जाणार असाल तर पासपोर्ट जवळ ठेवा, सार्क देशांतल्या प्रवाशांना तिकिटात सवलत मिळते. दंबुल्लच्या पाच गुहा मात्र पाहिल्या. अजिंठा पाहिलेल्याला तिथं परकं वाटत नाही. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापारीपुत्राच्या लंकेला येण्याची कथा रंगवलेलीच आहे.

कँडीत दळदा मालिगावाला, म्हणजे बुद्धांच्या दाताच्या मंदिरात, संध्याकाळच्या पूजेला गेलो. ढोल वाजत होते. १९५०च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषद कँडीत भरली तेव्हा बाबासाहेब आले होते, दीक्षेच्या सहा वर्षं आधी. बसमधल्या भन्तेजींनी आवर्जून सांगितलं होतं, "तुमचे डॉक्टर तिथं आले होते, तिथं जाऊन या." कुणाशी बोलणं झालं नाही. आई तळ्याच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिली आणि मी तिला एकटीला उभं राहू दिलं.

सातवा दिवस: केलनिया

रात्रीचं विमान होतं, म्हणून कोलंबोत न थांबता केलनियाच्या राजमहाविहारात गेलो. तिथल्या नव्या दालनातली भित्तिचित्रं सोलियस मेंडिस यांची आहेत. त्यांत संघमित्रा बोधीची फांदी घेऊन लंकेत उतरतेय. आई त्या चित्रासमोरून हलेना.

मागून कुणीतरी हिंदीत विचारलं, "कहाँ से?" काठी टेकत आलेले एक भिक्खू होते, ऐंशीच्या पुढचे. नागपूर म्हटल्यावर ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले. "आनंद कौसल्यायन," म्हणाले. भदन्तजी केलनियाच्या विद्यालंकार परिवेणात, म्हणजे भिक्खूंच्या विद्यालयात, शिकले आणि पुढं तिथंच त्यांनी शिकवलं, हे मी वाचलं होतं. हे भिक्खू तेव्हा सामणेर होते. लांबून त्यांना पाहायचे, बोलायची हिंमत नव्हती.

"मैंने उनको देखा है," आई म्हणाली. "नागपूर में. भाषण सुना है."

दोघं बाजूच्या ओट्यावर बसले, मध्ये अंतर ठेवून. तिची हिंदी नागपुरी, त्यांची साठ वर्षांपूर्वी शिकलेली, शब्द शोधत बोलायची. माझी गरज नव्हती. भदन्तजींचा आवाज कसा होता, नागपुरात ते कुठं राहायचे, शेवटी आजारी होते का, असं एकेक ते विचारत होते. मग त्यांनी झाडाचं विचारलं. फांदी नेल्याचं ऐकलं होतं, पुढं ती जगली की नाही ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आईनं आधी दोन्ही हात पसरून दाखवले. ते पुरेनात म्हणून ती उठून उभी राहिली, दालनाच्या या भिंतीपासून त्या भिंतीकडं बोट फिरवलं. "इतनी छाँव है, भन्तेजी," ती म्हणाली. "लोग बच्चे लेके आते हैं, वहीं डब्बा खोल के खाते हैं."